अरुंधती-वसिष्ठ : जोडी खरी, दावा खोटा (थ्रेड)

लग्नसराई सुरू झाली की एक मजकूर नेमाने फिरू लागतो. नवदांपत्याला सप्तर्षींतील वसिष्ठ आणि अरुंधती दाखवण्याची प्रथा का पडली, याचे ‘वैज्ञानिक’ कारण त्यात असते. इतर जोडताऱ्यांत म्हणे एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. वसिष्ठ आणि अरुंधती मात्र परस्परांभोवती फिरतात. ही गोष्ट आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होती. म्हणून पती-पत्नींनी एकमेकांभोवती बरोबरीने फिरावे, हा संदेश त्यांनी विवाहविधीत गुंफला. खाली नमस्काराचे चिन्ह, आणि ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’ अशी विनंती.

यातील एकही विधान तपासणीला टिकत नाही. निरुपद्रवी मजकूर म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु याच जोडीच्या आधारे महाभारताचा काळ ठरवण्यापर्यंत मजल गेली आहे, आणि या गोंगाटात अरुंधतीविषयी प्राचीनांनी खरोखर काय लिहून ठेवले आहे, ते वाचणारा कोणी उरलेला नाही.

प्रथम आकाश. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत सायंकाळनंतर उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. शेपटीतील मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी बिलगून दिसणारा अंधुक ठिपका म्हणजे अरुंधती. युरोपीय तारकानकाशांत त्यांची नावे मिझार आणि अल्कोर अशी आहेत. दोन्ही अरबीतून आलेली. वसिष्ठाची दृश्यप्रत सुमारे २, अरुंधतीची ४. दोघांमधील कोनीय अंतर सुमारे १२ कला. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास ३० कला असतो आणि निरोगी डोळा एका कलेच्या आसपासचे अंतरही वेगळे ओळखू शकतो. म्हणजे येथे दोन तारे आहेत हे कळण्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि दिव्यदृष्टीही लागत नाही. अडचण असलीच तर अरुंधतीच्या मंदपणाची आहे.

ज्या ज्या समाजांनी उत्तरेचे आकाश पाहिले, त्यांतील कितीतरींना ही जोडी दिसली. अरबांनी अंधुक ताऱ्याला ‘सुहा’ म्हटले. दहाव्या शतकातील अल-सूफी या ज्योतिर्विदाने आपल्या स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथात लोक सुहा पाहून डोळ्यांची परीक्षा घेतात, अशी नोंद केली आहे. ‘मी त्याला सुहा दाखवतो आणि तो मला चंद्र दाखवतो’ अशी अरबी म्हणही आहे. जपानमध्ये हा तारा न दिसणे ही मरण जवळ आल्याची खूण मानत. आणि नेमके तेच सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे : ज्याला अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा दिसत नाहीत, त्याचे आयुष्य सरले असे समजावे. वैद्याच्या दृष्टीने हे व्यवहारी निरीक्षण होते. मंद तारा दिसेनासा होणे म्हणजे इंद्रिये थकत चालल्याचे लक्षण. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या संस्कृतींनी एकाच ताऱ्याकडे पाहून डोळा आणि आयुष्य यांचा संबंध जोडावा, ही गोष्ट त्या फिरत्या मजकुरापेक्षा कितीतरी अधिक विस्मयकारक आहे.

आता ‘परस्परांभोवती फिरतात’ या शब्दांकडे. दोन तारे शेजारी दिसणे आणि दोन तारे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांशी बांधलेले असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना कळते. दुसरी डोळ्यांना कधीच कळत नाही. एकाच दिशेला पण भिन्न अंतरांवर असलेले तारेही शेजारी दिसू शकतात, जसा दूरच्या डोंगरावरचा दिवा अंगणातल्या दिव्याला चिकटलेला भासतो. बांधलेल्या जोडीसाठी ‘द्वैती तारा’ हा शब्द राखून ठेवला, तर पुढचा घोळ बराच कमी होईल.

वसिष्ठ आणि अरुंधती पृथ्वीपासून सुमारे ८० ते ८३ प्रकाशवर्षे दूर आहेत आणि अवकाशातून साधारण एकाच दिशेने चालले आहेत. ते परस्परांशी बांधलेले असावेत, असे आजचे अनेक संशोधक मानतात. पण बांधलेले असले तरी त्यांच्यामधील अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या किमान सतरा-अठरा हजार पट आहे. एवढ्या अंतरावरून एक प्रदक्षिणा पूर्ण व्हायला काही लाख वर्षे लागतील. अंतर याहून जास्त असेल तर त्याहूनही अधिक. वेदकाळ कोणी कितीही मागे नेला, तरी तेव्हापासून आजपर्यंत या प्रदक्षिणेचा जेमतेम एक लहानसा तुकडा पार पडलेला असेल. ती गती नुसत्या डोळ्यांनी पाहणारा मनुष्य जन्मलेला नाही आणि जन्मणारही नाही.

‘इतर जोडताऱ्यांत एक स्थिर असतो’ हे विधान तर शाळेतील भौतिकशास्त्रालाही सोडून आहे. कोणत्याही द्वैतीत दोन्ही तारे सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. मोठा थोडा कमी हलतो, लहान जास्त हलतो. स्थिर कोणीच नसतो. त्यामुळे वसिष्ठ-अरुंधतीचे जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, ते विश्वातील प्रत्येक जोडीचे आहे.

शोधाचा खरा इतिहास पाहिला की ‘दिसणे’ आणि ‘जाणणे’ यांतील दरी किती रुंद होती ते समजते. १६१७ च्या जानेवारीत बेनेदेत्तो कास्तेल्ली याने गॅलिलिओचे लक्ष वसिष्ठाकडे वेधले. दुर्बिणीतून पाहता अरुंधती बाजूला राहिली आणि खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला. गॅलिलिओने त्यांतील अंतर पंधरा विकला मोजले, जे आजच्या मापाच्या अगदी जवळ आहे. पण या दोघांकडून त्याला हवे होते काही वेगळेच. तेजस्वी तारा जवळचा आणि मंद तारा दूरचा असेल, तर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्यांच्यामधील अंतर थोडे बदलत राहील आणि पृथ्वीच्या गतीचा पुरावा हाती येईल, असा त्याचा हिशेब होता. वसिष्ठाचे अंतर त्याने पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३०० पट धरले होते. प्रत्यक्षात ते सुमारे ५२ लाख पट आहे. बदल दिसला नाही. दिसणारही नव्हता, कारण दोन्ही तारे एकाच अंतरावर होते. म्हणजे गॅलिलिओच्या दुर्बिणीत खरोखरची द्वैती समोर उभी होती आणि गॅलिलिओला ती द्वैती आहे हे समजले नाही.

त्यानंतर दीड शतक गेले. १७६७ मध्ये जॉन मिचेल या इंग्रज धर्मगुरूने संभाव्यतेच्या गणिताने दाखवले की आकाशात इतके तारे केवळ योगायोगाने इतक्या जवळ जवळ दिसणे जवळपास अशक्य आहे. त्यांतील बरेचसे खरोखर शेजारी असले पाहिजेत. विल्यम हर्शेलने जोडताऱ्यांच्या याद्या सुरू केल्या त्या गॅलिलिओच्याच जुन्या हेतूने. पंचवीस वर्षांच्या मापनानंतर १८०३ मध्ये त्याने जाहीर केले की काही जोड्यांतील तारे एकमेकांभोवती फिरत आहेत. १८२७ मध्ये फेलिक्स सावारी या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका द्वैतीची कक्षा प्रथमच गणिताने काढली, आणि ती जोडी सप्तर्षींच्याच तारकासमूहातली होती : बृहदृक्षातील क्साय, नुसत्या डोळ्यांना एकच तारा म्हणून दिसणारी, सुमारे ६० वर्षांत एक फेरी पूर्ण करणारी. गॅलिलिओच्या नोंदीपासून हर्शेलच्या निबंधापर्यंत १८६ वर्षे लागली, तीही दुर्बीण हातात असताना.

वसिष्ठाची कथा येथेही संपत नाही. १८५७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रित झालेला पहिला जोडतारा हाच. १८८९ मध्ये त्याच वेधशाळेतील एडवर्ड पिकरिंग याने जाहीर केले की वसिष्ठाच्या दोन घटकांपैकी तेजस्वी घटकाच्या वर्णपटातील रेषा ठरावीक काळाने दुभंगतात; म्हणजे तो ‘एक’ तारा पुन्हा दोघांचा बनलेला आहे. या वर्णपटांच्या अभ्यासात अँटोनिया मॉरी या संशोधक स्त्रीचा मोठा वाटा होता. ते दोघे साडेवीस दिवसांत एक फेरी घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मंद घटकही द्वैती ठरला. २००९ मध्ये अरुंधतीजवळही एक क्षीण, तांबडा सोबती सापडला. ज्यांना लोक एक दांपत्य समजतात तेथे सहा तारे आहेत. फिरत्या मजकुराच्या लेखकाला ही संख्या कळली, तर तिचाही एखादा सामाजिक संदेश तो काढील.

मग प्राचीनांना काय ठाऊक होते? याचे उत्तर ग्रंथांत आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. शतपथ ब्राह्मणात सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असे सांगितले आहे आणि कृत्तिका या त्यांच्या पत्नी होत्या, पण त्या पूर्वेला उगवतात आणि पती उत्तरेला, म्हणून त्यांची ताटातूट झाली, असे म्हटले आहे. महाभारताच्या वनपर्वात ही कल्पना कथेचे रूप घेते : स्वाहेने सहा ऋषिपत्नींची रूपे घेतली, अरुंधतीचे मात्र तिला घेता आले नाही; पुढे त्या सहाजणी त्यागल्या जाऊन कृत्तिका झाल्या आणि अरुंधती पतीजवळ राहिली. सात ऋषी, सहा कृत्तिका आणि एक अंधुक तारा ऋषींच्या शेजारी. आकाशातील तिन्ही गोष्टींचा हिशेब एका कथेत इतका नेमका जुळवणारे लोक उत्तम निरीक्षक होते, यात शंका नाही.

आदिपर्वात तर अरुंधतीच्या मंदपणाचेही कारण दिले आहे. निष्कलंक वसिष्ठावर तिने संशय घेतला, म्हणून ती धुरकट तांबूस झाली, कधी दिसणारी, कधी न दिसणारी. ही कथा बायकांच्या मत्सरावर प्रवचन झोडण्यासाठी सांगितलेली आहे, हे लपवण्याचे कारण नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सप्तर्षींवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात सातही ऋषींचे क्रम दिले आणि वसिष्ठाच्या आश्रयाला असलेली साध्वी अरुंधती नोंदवली. तिच्या प्रदक्षिणेविषयी तेथे एक शब्द नाही.

ही शांतता महत्त्वाची आहे. सिद्धांतकारांनी प्रत्येक ग्रहाची महायुगातील किंवा कल्पातील आवर्तने आकड्यांनी लिहिली. चंद्राच्या पातासारख्या न दिसणाऱ्या बिंदूचीही लिहिली. आवर्तने मोजण्याचा एवढा सोस असलेल्या परंपरेला वसिष्ठ-अरुंधतीचे परस्परभ्रमण माहीत असते, तर त्याचा आकडा कुठेतरी सापडला असता.

विवाहविधीचेही तसेच. आश्वलायन गृह्यसूत्र सांगते की ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहिल्यावर वधूने मौन सोडावे. गोभिलाच्या गृह्यसूत्रात वधू अरुंधतीकडे पाहून जे म्हणते, त्यात ‘रुध्’ धातूवर श्लेष आहे : ती रोखलेली, बांधली गेलेली आहे. ध्रुवासारखे अढळ राहावे आणि अरुंधतीसारखे पतीला बांधून राहावे, असा या विधीचा आशय आहे, आणि तो वधूसाठी आहे. समानतेचा संदेश आजच्या दांपत्याला हवासा वाटणे स्वाभाविक आहे. तो सूत्रकारांच्या तोंडी घालणे ही मात्र भेसळ आहे. (भर दुपारच्या मुहूर्तावर, कार्यालयाच्या छताकडे बोट दाखवून ‘अरुंधती पाहा’ म्हणण्याची आजची रीत पाहिली, तर तारे पाहण्याशी कोणाला फारसे कर्तव्य राहिलेले नाही हेही दिसते.)

अरुंधतीचा सर्वात बुद्धिमान उपयोग शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात आहे. एखाद्याला अरुंधती दाखवायची असेल, तर आधी जवळचा मोठा तारा ‘हीच अरुंधती’ म्हणून दाखवतात. नजर तेथे ठरली की तो सोडून देऊन खरी दाखवतात. स्थूलारुंधती न्याय या नावाने तो प्रसिद्ध आहे. यात खगोल नसून अध्यापनाची युक्ती आहे. पण ही युक्ती सुचण्यासाठी कितीतरी पिढ्यांनी मुलासुनांना अंगणात उभे करून तो ठिपका दाखवलेला असला पाहिजे.

आता महाभारतकाळाचा प्रश्न. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक यांनी महाभारत युद्धाचा आरंभ १६ ऑक्टोबर इ.स.पू. ५५६१ असा काढला. २०११ मध्ये नीलेश ओक यांनी इंग्रजी पुस्तकातून त्याच तारखेला अरुंधतीचा पुरावा जोडला, आणि इतिहासप्रेमी तरुणांत आज तो सर्वात जास्त मिरवला जातो. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास धृतराष्ट्राला अशुभ चिन्हे सांगतात. त्यांत एक असे : तिन्ही लोकांत सज्जनांना मान्य असलेल्या अरुंधतीनेसुद्धा वसिष्ठाला मागे टाकले आहे. ओक हे वाक्य प्रत्यक्ष वेध मानतात. आज वसिष्ठ मध्यमंडळ ओलांडतो आणि त्यानंतर सुमारे सव्वा मिनिटाने अरुंधती. पृथ्वीच्या अक्षाची दिशा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेते. त्यामुळे आकाशाच्या जात्याचा खुंटा सरकत राहतो आणि खुंट्याजवळच्या दोन दाण्यांपैकी पुढचा कोणता, ते बदलू शकते. या गणितानुसार इ.स.पू. ११०९१ ते इ.स.पू. ४५०८ या काळात अरुंधती पुढे होती. म्हणून युद्ध त्या काळातलेच, असा निष्कर्ष.

गणित येथे मान्य करून चालू. गोम वाचनात आहे.

अशुभ चिन्ह म्हणजे नेहमीच्या क्रमातील बिघाड. रोज सकाळी सूर्य पूर्वेला उगवला, याला उत्पात कोणी म्हणत नाही. आता ओक यांचेच आकडे घ्यावेत. इ.स.पू. ५५६१ मध्ये अरुंधती पुढे चालू लागून ५५३० वर्षे लोटली होती. पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर दोनशेहून अधिक पिढ्यांनी तिला पुढेच पाहिलेले होते. व्यासांना, धृतराष्ट्राला, त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनाही वसिष्ठ पुढे असलेले आकाश माहीत नव्हते. मग ‘अरुंधतीनेसुद्धा मागे टाकले’ हे ऐकून धृतराष्ट्राने घाबरावे कशासाठी? वाक्यातील ‘सुद्धा’ हा शब्दच सांगतो की बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवात ती नेहमी मागे असते. म्हणजे हे वाक्य ज्या काळाचा पुरावा म्हणून उभे केले, त्याच काळात ते निरर्थक ठरते. आजच्यासारखे आकाश असलेल्या काळात, अरुंधती मागून येते हे सर्वांना ठाऊक असताना, ते अर्थपूर्ण आहे.

यावर असे म्हणता येईल की साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा क्रम मौखिक परंपरेने जपला होता. तसे असेल तर तो पुरावा नव्हे. तो सिद्धांत वाचवण्यासाठी घातलेला टेकू आहे, आणि त्या टेकूलाही वेगळा पुरावा हवा.

शिवाय हे वाक्य एकटे उभे नाही. त्याच दोन अध्यायांत गाईंना गाढवे होतात, देवांच्या मूर्ती थरथरतात, हसतात, रक्त ओकतात. अरुंधतीच्या श्लोकाला लागूनच चंद्रावरील लांच्छन उलटल्याचे सांगितले आहे. चंद्रावरचे डाग फिरले, असा खगोलशास्त्रीय दावा आजवर कोणी केलेला नाही. यादीतील एक ओळ वेध म्हणून उचलायची आणि शेजारची ओळ काव्य म्हणून सोडायची, तर निवडीचा नियम आधी सांगावा लागतो. ‘जी ओळ संगणकात बसते ती वेध’ हा नियम होऊ शकत नाही. सबंध यादीचे सूत्र स्पष्ट आहे : जे जसे असावे तसे राहिले नाही. पशूंची योनी उलटली, मूर्तींची शांतता मोडली, आणि पतिव्रतांची शिरोमणी पतीच्या पुढे गेली. बायको नवऱ्याच्या पुढे जाणे ही त्या समाजाच्या लेखी जगबुडीची खूण होती. श्लोकाचा अर्थ लावायला एवढा संदर्भ पुरतो. जगबुडीसाठी ध्रुवबिंदू हलवावा लागत नाही.

ज्यांना हे अति संशयी वाटेल, त्यांनी याच ग्रंथातील खगोलीय उल्लेखांवरून निघालेल्या तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. प्रबोधचंद्र सेनगुप्त यांना इ.स.पू. २४४९ मिळाले, नरहरी आचार यांना इ.स.पू. ३०६७, वर्तक आणि ओक यांना इ.स.पू. ५५६१. तीन हजारांहून अधिक वर्षांचा फरक. आणि चाकाचे आजवर सापडलेले सर्वात जुने पुरावे इ.स.पू. चौथ्या सहस्रकातले असताना, त्याआधी दीड हजार वर्षे अठरा अक्षौहिणींचे रथ कशावर धावत होते, हाही प्रश्न उरतोच.

खगोलावरून काळ काढणे मुळातच चुकीचे, असा याचा अर्थ नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ मराठीत लिहिले, तेव्हा शतपथ ब्राह्मणातील ‘कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत’ या विधानावरून त्यांनी इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काळ सुचवला. त्यावरही वाद झाले आणि होत आहेत. पण दीक्षितांनी निवडलेले वाक्य एका नित्य, सर्वांना दिसणाऱ्या स्थितीचे वर्णन आहे आणि ते यज्ञाग्नीच्या स्थापनेच्या चर्चेत आले आहे. अपशकुनांच्या यादीतून वेध काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मूळ दीक्षित वाचले, तर फिरत्या मजकुरांची भूक आपोआप मरते.

अशा टीकेला ‘पाश्चात्त्य चष्मा’ म्हणण्याची सवय आहे. त्यासाठी कमलाकर भट्ट पुरेसे आहेत. गोदाकाठच्या गोलग्राम येथून काशीला गेलेल्या ज्योतिषी घराण्यातील या पंडिताने १६५८ मध्ये सिद्धांततत्त्वविवेक लिहिला. सप्तर्षी प्रत्येक नक्षत्रात शंभर वर्षे राहतात, असे पुराणे व संहिता सांगत. कमलाकराने नोंदवले की ताऱ्यांची अशी गती दिसत नाही. पुराणवचन खोटे म्हणण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून त्याने तोड काढली की तारे स्थिर आहेत, आणि फिरतात ते अदृश्य देवतारूप ऋषी. ही तोड आज कोणाला पटणार नाही. पण वचन आणि वेध यांचा मेळ बसत नाही, हे पाहून वेध दडपण्याचा मार्ग त्याने पत्करला नाही. कमलाकराच्या डोळ्यांवर कोणता पाश्चात्त्य चष्मा होता?

या सगळ्या गदारोळात भारताच्या भूमीवर जोडताऱ्यांचे जे काम खरोखर झाले, त्याची मात्र कोणी आठवण काढत नाही. १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीत एक धूमकेतू पाहत असताना झाँ रिशो या फ्रेंच जेझुइट पाद्र्याला दुर्बिणीतून दिसले की मित्र हा नरतुरंगातील तेजस्वी तारा दोन ताऱ्यांचा आहे. सूर्याला सर्वात जवळ असलेल्या तारकामंडळाचे हे पहिले उलगडलेले रूप, आणि ते पुदुच्चेरीहून. महाराष्ट्रातून हा तारा उन्हाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आणि पुणे. मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातील कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब याने १८४० च्या दशकात पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. पाच फुटी दुर्बिणीने त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी केली; वृश्चिकेतील न्यू हा जोडतारा दोनपेक्षा अधिक ताऱ्यांचा आहे हे त्याने १८४७ मध्ये ओळखले. १८४८ मध्ये तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. तेथून १८५५ मध्ये त्याने सांगितले की भुजंगधारीतील ७० क्रमांकाच्या द्वैतीच्या कक्षेत जी अनियमितता दिसते, तिचे कारण एखादा न दिसणारा ग्रहासारखा पदार्थ असावा. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापांवर आधारलेला असा दावा त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. पुढे तो चुकीचा ठरला, आणि चुकीचा ठरू शकला याचे कारण जेकबने आकडे छापून ठेवले होते.

प्रकृती ढासळल्याने तो इंग्लंडला परतला. पुण्याजवळच्या डोंगरावर, दमट हवेच्या वर, वेधशाळा बांधावी हा ध्यास मात्र सुटला नाही. ब्रिटिश संसदेने त्यासाठी १००० पौंड मंजूर केले. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबईत उतरला. पुण्यात पोहोचला आणि १६ ऑगस्टला तेथेच वारला, वयाच्या ४८ व्या वर्षी. डोंगरावरची वेधशाळा झाली नाही. पुण्याच्या आकाशात मोजलेल्या त्या २४४ जोड्यांची यादी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जुन्या खंडांत छापलेली आहे.